कन्व्हर्जन म्हणजे माफी नव्हे! सोसायटीपासून दवाखान्यापर्यंत या एका शब्दाचे किती अर्थ, जाणून घ्या

पलूस : जुलै २०२१ चा महापूर ओसरला, त्यानंतरची गोष्ट. आमचा नदीकाठचा ऊस आठ दिवस पाण्यात होता. पंचनामा झाला. पुढं काही दिवसांनी आमचे वडील, म्हणजे आण्णा, सोसायटीत जाऊन आले आणि दारातूनच म्हणाले, "मिटलं बघ कर्ज. कन्व्हर्जन केलं त्यांनी. सही करून आलोय."

घरात सगळ्यांना बरं वाटलं. मीही विचारलं नाही. बातम्या लिहिणारा माणूस मी, पण घरच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचलं नाही. पुढं दोन वर्षांनी हप्ता थकल्याची नोटीस आली तेव्हा कळलं, कर्ज मिटलं नव्हतं. फक्त त्याचं रूप बदललं होतं. एक वर्षाचं पीककर्ज पाच वर्षांचं झालं होतं आणि हप्ता थकल्यामुळे नवीन पीककर्ज अडकलं होतं.

चूक कुणाची हे सांगण्यासाठी हा लेख नाही. सचिवांनी शब्द सांगितला, आण्णांनी त्याचा आपल्या मनासारखा अर्थ लावला, मी वाचायचं टाळलं. पण त्यानंतर हा शब्द कुठं कुठं येतो याकडे लक्ष गेलं. तलाठी कार्यालय, पोल्ट्री, दूध डेअरी, आरटीओ, सरकारी दवाखाना, मोबाईलवरचा मेसेज, सगळीकडे कन्व्हर्जन. आणि प्रत्येक ठिकाणी अर्थ वेगळा. म्हणून एकदा सगळे अर्थ एका जागी मांडतोय. जपून ठेवा, कधीतरी उपयोगी पडेल.

शब्द आला कुठून?

इंग्रजीतला हा शब्द मूळ लॅटिन भाषेतला. त्याचा साधा अर्थ वळवणे, फिरवणे. इंग्रजीत या एका शब्दावर सगळी कामं भागवतात. मराठीत मात्र आपल्याकडे प्रत्येक बदलाला वेगळा शब्द आहे. रूप बदललं तर रूपांतर, धर्म बदलला तर धर्मांतर, भाषा बदलली तर भाषांतर, पक्ष बदलला तर पक्षांतर, नाव बदललं तर नामांतर, जागा बदलली तर स्थलांतर. या शब्दांत 'अंतर' म्हणजे 'दुसरा'. शब्द ऐकला की काय बदललं ते लगेच कळतं.

कन्व्हर्जन म्हटलं की तेच कळत नाही. काहीतरी बदललं एवढंच समजतं. काय बदललं आणि काय तसंच राहिलं, हे विचारावं लागतं. सगळा घोळ इथंच होतो.

१. सोसायटीतलं कन्व्हर्जन : कर्जाचं रूपांतर

आपल्या भागात हा शब्द सगळ्यात जास्त इथंच ऐकू येतो. पीककर्ज हे अल्पमुदतीचं कर्ज. पूर, दुष्काळ, गारपीट अशी आपत्ती आली आणि पीक गेलं, तर त्या वर्षी शेतकरी ते फेडू शकत नाही. अशा वेळी अल्पमुदत कर्जाचं मध्यम मुदतीच्या कर्जात रूपांतर करतात. कागदावर याला 'पुनर्गठन' असंही लिहितात. दोन्ही शब्द साधारण एकाच गोष्टीसाठी वापरले जातात.

रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निर्देशांनुसार ३३ ते ५० टक्के पीक नुकसान असेल तर परतफेडीला जास्तीत जास्त दोन वर्षं मिळतात. नुकसान ५० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर जास्तीत जास्त पाच वर्षं. दोन्हीत पहिलं एक वर्ष हप्ता भरायचा नसतो, पण ते वर्ष धरूनच ही मुदत आहे. म्हणजे पाच वर्षांची मुदत मिळाली तर हप्ते चारच.

उदाहरण घ्या. १ लाख ४० हजारांचं पीककर्ज पाच वर्षांसाठी रूपांतरित झालं. पहिलं वर्ष सूट. पुढची चार वर्षं दरवर्षी ३५ हजार मुद्दल, अधिक व्याज.

व्याजाची गोष्ट नीट लक्षात ठेवा. पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून तीन लाखांपर्यंत शेतकऱ्याला व्याज पडत नाही. रूपांतरित कर्जाला केंद्राची व्याज सवलत साधारणपणे पहिल्या वर्षापुरती असते. दुसऱ्या वर्षापासून नेहमीचा दर लागतो. शून्य टक्क्याचं कर्ज व्याजाचं होतं ते इथं.

मग रूपांतर करूच नये का? तसं नाही. पीक गेलंय, हातात पैसा नाही, अशा वेळी थकबाकीदार होण्यापेक्षा रूपांतर परवडतं, कारण खातं चालू राहतं आणि पुढच्या हंगामाला नवीन कर्ज मागता येतं. फक्त हे माफीसारखं नाही हे माहीत हवं. कर्जमाफी म्हणजे देणं संपलं. रूपांतर म्हणजे देणं तेवढंच, फेडायच्या तारखा बदलल्या.

सही करण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या : एकूण रक्कम किती, हप्ते किती, पहिल्या हप्त्याची तारीख कोणती, दुसऱ्या वर्षापासून व्याजाचा दर किती.

२. आण्यातून पैशात : पैसेवारीची गोष्ट

दुष्काळाच्या सवलतींशी जोडलेला दुसरा शब्द म्हणजे पैसेवारी. जुनी माणसं अजून 'आणेवारी' म्हणतात. हेही एक रूपांतरच आहे.

१ एप्रिल १९५७ ला देशात दशमान नाणी सुरू झाली. त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होते. नंतर रुपयाचे १०० नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. चार आण्याचे २५ आणि आठ आण्याचे ५० असे पूर्ण आकडे यायचे, पण एका आण्याला पाव पैशाचा हिशोब जमेना. त्या काळात सुट्ट्या पैशांवरून दुकानात वाद व्हायचे असं आमची आजी सांगायची. म्हातारी माणसं आजही ५० पैशाला आठ आणे म्हणतात ते त्यामुळेच.

पिकाचा अंदाजही आधी आण्यात मांडायचे, सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. आता तो पैशात मांडतात. ५० पैशांपेक्षा कमी पैसेवारी म्हणजे निम्म्याहून कमी पीक. आण्याच्या भाषेत आठ आण्याच्या आत. आकड्याचं माप बदललं, शेतातलं पीक आहे तेवढंच.

३. सातबाऱ्यावरचं कन्व्हर्जन : एकर, गुंठा, हेक्टर, आर

बोलताना आपण एकर-गुंठ्यात बोलतो. सातबारा मात्र हेक्टर-आरमध्ये असतो. या दोन्हींच्या मध्ये भाऊभाऊ भांडतात आणि खरेदीदार फसतात. हे आकडे पाठ करा :

एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट.
४० गुंठे म्हणजे एक एकर.
एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १,०७६ चौरस फूट.
१०० आर म्हणजे एक हेक्टर, म्हणजे साधारण २.४७ एकर.

गुंठा आणि आर एकच, असं बरेच जण धरून चालतात. दोन-चार गुंठ्यांत फरक जाणवत नाही. पण एका हेक्टरात १०० गुंठे बसत नाहीत, ९८.८४ गुंठेच बसतात. फरक साधारण १,२६० चौरस फुटांचा. पलूसमध्ये स्टँडच्या आसपास एवढ्या जागेत एक घर उभं राहतं.

दुसरी चूक याहून मोठी. जुन्या कागदावर १.२० लिहिलं असेल तर ते १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर असू शकतं. आजच्या सातबाऱ्यावर १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर, म्हणजे २ एकर साडेअडतीस गुंठ्यांच्या आसपास. आकडा तोच, जमीन जवळपास दुप्पट. म्हणून जुन्या खरेदीखताची आजच्या उताऱ्याशी तुलना करताना वरच्या रकान्यात एकर आहे की हेक्टर, ते आधी बघा.

हस्तलिखित सातबारे संगणकावर घेताना नावं, क्षेत्र, इतर हक्क यांत काही ठिकाणी टायपिंगच्या चुका राहिल्या. अशी लेखनातली चूक दुरुस्त करायला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५५ आहे. जुना हस्तलिखित उतारा काढा, फेरफार जोडा आणि तहसीलदारांकडे अर्ज करा. चूक तशीच ठेवली तर वाटणी, कर्ज, विक्री सगळं अडतं.

४. एनए : शेतीची बिनशेती

प्लॉटच्या जाहिरातीत हमखास दिसणारा शब्द, 'एनए कन्व्हर्जन'. म्हणजे शेतजमिनीचा वापर बदलून घर, दुकान, कारखाना यासाठी करणं. आपल्याकडे याला बिनशेती किंवा अकृषिक म्हणतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मधली कलम ४२ आणि ४४ यासाठी मूळची. गेल्या काही वर्षांत या कायद्यात बरेच बदल झाले. ४२-ब, ४२-क, ४२-ड ही कलमं आली. विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत जमीन ज्या वापरासाठी दाखवली आहे त्या वापरासाठी, तसंच गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीसाठी ठरावीक अटींत वेगळ्या परवानगीची गरज राहिली नाही. रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी भरून काम व्हायचं.

इथं फसवणूक शब्दाच्या टोकाला असते. 'एनए झालेली' आणि 'एनए होणारी' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणजे झालेलं नाही. एजंट तोंडी काय सांगतो त्याला किंमत नाही. आदेश आहे का, मंजूर रेखांकन आहे का, रस्ता कागदावर दाखवलाय का, सातबाऱ्यावर नोंद झालीय का, हे बघूनच विसार द्या. नियम बदलत राहतात, म्हणून व्यवहाराच्या वेळी तलाठी, तहसील आणि दुय्यम निबंधक कार्यालयात त्या दिवशी काय नियम चालू आहे ते विचारा.

५. वर्ग दोनचं वर्ग एक

एनएशी याची गल्लत करू नका. एनएमध्ये जमिनीचा वापर बदलतो. इथं मालकीचा प्रकार बदलतो.

सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-१' असेल तर जमीन विकायला सहसा सरकारची परवानगी लागत नाही. 'वर्ग-२' असेल तर अटी असतात. आपण हिला नवीन शर्तीची जमीन म्हणतो. काही इनाम-वतनाच्या जमिनी, सरकारने वाटप केलेल्या जमिनी, धरणग्रस्तांना मिळालेल्या जमिनी, कुळकायद्यात मिळालेल्या जमिनी यात येतात. परवानगी न घेता विकली तर शर्तभंग होतो आणि जमीन सरकारजमा होण्याची वेळ येऊ शकते. तेव्हा पैसे देणाऱ्याचे पैसे अडकतात आणि विकणाऱ्याची जमीन जाते.

वर्ग-२ ची वर्ग-१ करता येते, पण प्रत्येक प्रकाराला पैसे सारखे नसतात. कुळकायद्याच्या कलम ४३ ची अट असलेल्या जमिनीला कुळाचं खरेदी प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील, तर शेतसाऱ्याच्या ४० पट रक्कम भरून मार्ग मोकळा होतो. शेतसारा काही रुपयांतच असल्याने ही रक्कम किरकोळ असते. पण वाटपाच्या जमिनीला बाजारमूल्याच्या टक्केवारीत नजराणा लागतो, तो लाखांत जाऊ शकतो. म्हणून 'कन्व्हर्जनला किती खर्च येतो' असं मोघम विचारू नका. 'माझी जमीन कोणत्या कायद्याने वर्ग-२ झाली' हे आधी शोधा.

६. पोल्ट्रीतला एफसीआर

करारावर कोंबड्या सांभाळणाऱ्यांना हा शब्द रोजचा. एफसीआर म्हणजे किती किलो खाद्य खाऊन एक किलो वजन वाढलं, त्याचा हिशोब. खाद्याचं मांसात रूपांतर.

एक हजार पक्षी, सरासरी वजन दोन किलो, म्हणजे एकूण दोन हजार किलो. खाद्य लागलं ३,४०० किलो. ३,४०० ला २,००० ने भागा, एफसीआर आला १.७. तोच १.८ झाला तर दोनशे किलो खाद्य जादा लागलं. इथं आकडा जितका कमी तितका चांगला. तुमचा संगोपनाचा दर बऱ्याच करारांत या आकड्यावर ठरतो.

आता बघा, या गणितात दोन वजनं आहेत, आलेल्या खाद्याचं आणि गेलेल्या पक्ष्यांचं. दोन्ही वजनं दुसऱ्याच्या काट्यावर होत असतील आणि तुम्ही वही ठेवत नसाल, तर एफसीआर बरोबर आहे की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही. आलेली प्रत्येक पोती, परत गेलेलं खाद्य आणि रोजची मर यांची नोंद स्वतः ठेवा.

७. दूध : लिटर की किलो?

डेअरीत दूध काट्यावर किलोत मोजतात, पण दर लिटरचा असतो. दूध पाण्यापेक्षा थोडं जड. एक लिटर दूध भरतं साधारण १.०३ किलो. म्हणजे काट्यावर १०३ किलो दूध भरलं तर ते १०० लिटर. रोज दहा लिटर घालणाऱ्याला हा फरक किरकोळ वाटेल, पण वर्षाचा हिशोब केला तर शंभर लिटरच्या पुढं जातो. तुमच्या पावतीवर किलो आहे की लिटर, आणि किलोचं लिटर करताना कोणता आकडा धरलाय, हे एकदा विचारून घ्या.

८. ऊस : साखर उलटते तेव्हा

कारखान्यात उसाची साखर करायला जो खर्च येतो त्याला 'कन्व्हर्जन कॉस्ट' म्हणतात. मराठीत प्रक्रिया खर्च. वार्षिक सभेच्या अहवालात हा आकडा असतो, तो वाचायची सवय ठेवा.

पण शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं रूपांतर त्याआधी होतं. ऊस तोडला की त्यातली साखर हळूहळू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. याला साखर उलटणं म्हणतात. उलटलेल्या साखरेचे दाणे पडत नाहीत. उन्हात ट्रॉली दोन दिवस उभी राहिली की वजनही घटतं आणि उताराही घटतो. गुऱ्हाळवाल्यांना हे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे, शिळ्या उसाचा गूळ नीट बसत नाही.

उताऱ्याचा संबंध थेट दराशी आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा. टनात सांगायचं तर ०.१ टक्का उतारा म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. अर्थात हा उतारा तुमच्या एकट्याच्या फडाचा नसतो, अख्ख्या कारखान्याचा असतो. शिळा ऊस कुणाचाही असो, फटका सगळ्यांना बसतो.

९. मोटार, गाडी आणि वीज

सोलर पॅनेलमधून डीसी वीज येते. घरातली बहुतेक उपकरणं एसीवर चालतात. डीसीचं एसी करणारं यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. या बदलात थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते, फुकटात काही बदलत नाही.

मोटारीचा हिशोब : एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. पाच एचपीची मोटार म्हणजे साधारण ३.७३ किलोवॅट. बिलावर मंजूर भार एचपीत आहे की किलोवॅटमध्ये, ते बघून घ्या. सिंगल फेजवर थ्री फेजची मोटार चालवण्यासाठी कन्व्हर्टरचं जुगाड करणारे बरेच आहेत. बरोबर क्षमतेचं यंत्र नसेल तर मोटार तापते आणि जळते. शिवाय लाईनवर अवेळी भार येतो.

पेट्रोल गाडी सीएनजीवर केली तर तेही कन्व्हर्जन. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार हा बदल आरसी बुकावर नोंदवावा लागतो. किट मान्यताप्राप्त हवं आणि विमा कंपनीलाही कळवायला हवं. गाडीत बदल आणि कागदावर जुनंच, असं असेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो.

१०. रेल्वे : रुळांचं रुंदीकरण

किर्लोस्करवाडी आणि भिलवडी स्टेशनं ज्या पुणे-मिरज मार्गावर आहेत, तो मार्ग इंग्रजांच्या काळात मीटरगेज होता. दोन रुळांमधलं अंतर एक मीटर. पुण्यापासून मुंबईकडे मात्र ब्रॉडगेज, म्हणजे पाच फूट सहा इंच. एका गेजची गाडी दुसऱ्यावर चालत नाही. त्यामुळे पुण्यात माणसांनी उतरायचं, मालाची चढउतार करायची. १९७० च्या सुमारास हा मार्ग ब्रॉडगेज झाला. रेल्वेच्या भाषेत हे 'गेज कन्व्हर्जन'. त्यानंतर इथून निघालेला माल मध्ये न उतरवता लांब जाऊ लागला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात वसवलेली किर्लोस्करवाडी आणि आजूबाजूची शेती, दोन्हीला याचा फायदा झाला. हे रूपांतर मात्र परत फिरवायचं नसतं.

११. दवाखान्यातले तीन अर्थ

पहिला अर्थ टीबीचा. उपचार सुरू झाल्यावर साधारण दोन महिन्यांनी थुंकी तपासतात. आधी पॉझिटिव्ह असलेली थुंकी निगेटिव्ह आली तर त्याला 'स्पुटम कन्व्हर्जन' म्हणतात. औषध लागू पडतंय याची ती खूण. रोग संपला असा त्याचा अर्थ नाही. साध्या टीबीला साधारण सहा महिने औषध लागतं. बरं वाटतंय, रिपोर्ट निगेटिव्ह आलाय म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या तर टीबी उलटतो, आणि मग साध्या औषधाला दाद न देणारा होऊ शकतो.

दुसरा अर्थ ऑपरेशनचा. दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन काही वेळा मध्येच पोट उघडून करावं लागतं. डॉक्टर सांगतात, 'ओपनमध्ये कन्व्हर्ट करावं लागलं.' दरवेळी ती चूक असतेच असं नाही, बऱ्याचदा पेशंटच्या जिवासाठी घेतलेला तो निर्णय असतो. संमतीपत्रावर ही शक्यता लिहिलेली असते. सही करण्याआधी विचारा, तसं झालं तर किती दिवस राहावं लागेल आणि खर्च किती वाढेल.

तिसरा अर्थ मनाचा. 'कन्व्हर्जन डिसऑर्डर' म्हणून एक आजार आहे. मनावरचा ताण शरीरात उतरतो. हात-पाय चालेनासा होतो, वाचा बसते, झटके येतात, पण तपासणीत नस किंवा मेंदूला इजा दिसत नाही. हे सोंग नव्हे. त्या माणसाला खरंच हात उचलता येत नाही. आपल्याकडे अशा सुनेला किंवा पोरीला 'नाटकं करते' म्हणतात, नाहीतर देवऋषाकडे नेतात. तिला डॉक्टर आणि मानसोपचार दोन्हींची गरज असते. घरच्यांनी काय त्रास आहे ते शांतपणे ऐकून घेणं हेही त्यात आलं.

१२. धर्मांतर

बातम्यांत हा शब्द आला की बहुतेक वेळा याच अर्थाने येतो. महाराष्ट्राच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. प्रत्यक्ष दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात, लाखो अनुयायांसह. घोषणा आणि दीक्षा यांच्यामध्ये २१ वर्षं गेली. त्या काळात त्यांनी अभ्यास केला, वेगवेगळ्या धर्मांचा विचार केला. कशातून कशात जायचं आणि का, हे पूर्ण समजून घेतलेलं ते पाऊल होतं. बौद्ध समाजात त्या दिवसाला धम्मचक्र प्रवर्तन दिन म्हणतात.

याला कागदाची बाजूही आहे. संविधान (अनुसूचित जाती) आदेश १९५० नुसार अनुसूचित जातीचा दर्जा सुरुवातीला हिंदू धर्म मानणाऱ्यांपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. अनुसूचित जमातीला अशी धर्माची अट या आदेशांत नाही. दाखल्याच्या कामात हा फरक माहीत असणं गरजेचं.

१३. कायद्यातला वेगळा अर्थ : अपहार

हा अर्थ फार जणांना माहीत नसतो. दुसऱ्याची वस्तू किंवा पैसा स्वतःच्या वापराकडे वळवणं, यालाही इंग्रजी कायद्यात कन्व्हर्जनच म्हणतात. मराठीत अपहार. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४०३ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ आहे. विश्वासाने सोपवलेल्या पैशाचा अपहार केला तर तो फौजदारी विश्वासघात, कलम ३१६. पतसंस्था, बचत गट, भिशी, यात्रा कमिटी, सगळीकडे हे लागू. 'थोडे दिवस वापरले, परत भरणारच होतो' हे सांगून सुटका होत नाही.

१४. मोबाईलवरचं कन्व्हर्जन

'तुमची खरेदी ईएमआयमध्ये कन्व्हर्ट करा' असा मेसेज येतो. एक बटण दाबलं की उधारीचं कर्ज होतं. व्याज आणि प्रोसेसिंग फी धरून एकूण किती भरायचे, ते आधी बघा. 'तुमचं सिम कन्व्हर्ट करायचंय, ओटीपी सांगा' असा फोन आला तर मात्र थेट ठेवून द्या. ओटीपी कुणालाच सांगायचा नसतो.

आमच्या धंद्यातलंही एक सांगतो. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली बातमी युनिकोडमध्ये वळवल्याशिवाय मोबाईलवर वाचता येत नाही, नुसती चिन्हं दिसतात. आणि वळवताना एखादं अक्षर इकडचं तिकडं होतं. म्हणून वळवून झालं की पुन्हा वाचावं लागतं. सातबाऱ्यालाही हाच नियम लावा.

लक्षात ठेवायचे चार प्रश्न

एवढे सगळे अर्थ कुणी पाठ करणार नाही. त्यापेक्षा कुणीही कन्व्हर्जन हा शब्द वापरला की चार प्रश्न विचारा :

१. कशाचं काय होणार?
२. कोणत्या दराने किंवा मापाने होणार?
३. कुणाच्या सहीने होणार, आणि झाल्याचा कागद मला कधी मिळणार?
४. झाल्यावर माझ्या अंगावर काय शिल्लक राहणार?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कर्जाचं रूपांतर झालं तरी देणं राहतं. थुंकी निगेटिव्ह आली तरी गोळ्या राहतात.

आमच्या कर्जाचं पुढं काय झालं, तर थकलेला हप्ता एक म्हैस विकून भरला. परवा गावात एकाने आण्णांना विचारलं, "आण्णा, सोसायटीत कन्व्हर्जनचा फॉर्म आलाय, करू का सही?" आण्णा म्हणाले, "कर की. पण पैला हप्ता कवा हाय ते इचार, आन् पोराकडनं वाचून घे. आमच्या पोरानं वाचलं न्हवतं."